पैंगीण मतदारसंघ कुठे गेला?

जून २००७ च्या निवडणुकीत गोवा विधानसभेच्या यादीत चाळिसावा, म्हणजे शेवटचा मतदारसंघ होता काणकोण तालुक्यातला पैंगीण. मार्च २०१२ च्या यादीत चाळिसाव्या क्रमांकावर काणकोण आले आणि पैंगीणचे नाव पुसले गेले. गाव आहे तिथेच आहे, वेताळाचे देऊळ आहे, दर तीन वर्षांनी भरणारी गड्यांची जात्राही आहे. पैंगीणचा आमदार म्हणून सभागृहात बसणारे मात्र कोणी उरले नाही. १९८९, १९९४, १९९९, २००२ आणि २००७ अशा पाच निवडणुका, एवढेच त्या मतदारसंघाचे आयुष्य. पेडण्यातला धारगळ आणि सासष्टीतला लोटली हेही तेवढेच जगले. त्यांच्याबरोबर डिचोलीतला पाळीही गेला, आणि तो तर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीपासून यादीत होता.

हे का झाले, याचे उत्तर काणकोणच्या चावडी बाजारात विचारले तर बहुधा एखाद्या नेत्याच्या नावाने मिळते. कोणाला तरी कोणाचा तरी मतदारसंघ संपवायचा होता, असे सांगितले जाते. आमच्या मते हे उत्तर चुकीचे आहे आणि घातकही आहे. खरे कारण उघड्या आकड्यांत आहे. ते आकडे न वाचताच आपण रागावून बसलो, तर मतदारसंघांच्या पुढच्या फेररचनेतही आपल्याला बोलता येणार नाही. आणि फेररचना आता दारात उभी आहे.

आधी मागचा हिशेब. १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश कायद्याने गोवा, दमण व दीवला तीस आमदार दिले. त्यांतले अठ्ठावीस गोव्याचे, एक दमणचा, एक दीवचा. त्या वेळी गोव्याची लोकसंख्या सुमारे पाच लाख नव्वद हजार होती, म्हणजे एका आमदारामागे एकवीस हजार माणसे. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले, दमण-दीव वेगळे निघाले आणि सभागृह चाळीस जणांचे झाले. १९८१ ची लोकसंख्या दहा लाखांवर गेली होती. अठ्ठावीसच जागा राहिल्या असत्या तर एका आमदारामागे छत्तीस हजार माणसे आली असती. चाळीस झाल्याने हा आकडा पंचवीस हजारांवर आला. सत्तरी हे मतदारसंघाचे नाव मागे पडून पर्ये आणि वाळपई आले, सांतइस्तेव्ह जाऊन कुंभारजुवे आले. ताळगाव, साळगाव, मये, प्रियोळ, फातोर्डा, वेळ्ळी ही नावे यादीत आली. काणकोण तालुक्यालाही दुसरा आमदार मिळाला, तो पैंगीणचा.

काणकोणला दोन आमदार मिळाले ते लोकसंख्या फार होती म्हणून नव्हे. साडेतीनशे चौरस किलोमीटरचा तो तालुका आहे. उत्तरेला करमल घाट, पूर्वेला खोतीगावचे अभयारण्य आणि सह्याद्रीची उतरण, मधून तळपण आणि गालजीबाग या नद्या, दक्षिणेला पोळ्याची हद्द आणि पलीकडे कर्नाटक. पाळोळे-आगोंदची किनारपट्टी आणि गावडोंगरी-खोतीगावचे डोंगरवाडे यांचे प्रश्न एक नाहीत. एकीकडे पर्यटन, मासेमारी आणि किनारा नियमन, दुसरीकडे कुमेरी म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती, वनहक्क आणि वाड्यावर पोचणारा रस्ता.

मग मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखण्यासाठी २००२ चा परिसीमन कायदा आला. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. राज्यांच्या एकूण जागा बदलायच्या नाहीत, फक्त आतल्या रेषा नव्याने ओढायच्या, आणि त्या २००१ च्या जनगणनेवर, असे बंधन होते. २००१ ला गोव्याची लोकसंख्या १३,४७,६६८. भागिले चाळीस, म्हणजे एका मतदारसंघाला सरासरी ३३,६९२. या सरासरीहून दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालेल असे आयोगाचे धोरण होते, म्हणजे साधारण ३०,३०० पासून ३७,००० पर्यंत.

आता तालुके घ्या. पेडण्याची लोकसंख्या ७१,९९९ आणि जागा तीन: मांद्रे, पेडणे, धारगळ. सरासरीने भागले की २.१४ येतात. तीन ठेवले तर प्रत्येकात २४,००० माणसे, सरासरीहून एकोणतीस टक्के कमी. दोन केले तर प्रत्येकी ३६,०००, मर्यादेच्या आत. धारगळ गेले. बार्देशची लोकसंख्या २,२७,६९५, हिशेबाने ६.७६ जागा, होत्या सहा. सातवी आली, तिचे नाव पर्वरी. मुरगाव तालुक्यात १,४४,९४९ माणसे, म्हणजे ४.३०, आणि आमदार तीनच. तिथे चौथा आला, दाबोळी. थोडक्यात, पेडणे आणि काणकोण यांनी एकेक जागा गमावली, बार्देश आणि मुरगावने एकेक मिळवली. लोटलीचे आणि पाळीचे तसे नाही. सासष्टीच्या आठ आणि डिचोलीच्या तीन जागा तेवढ्याच राहिल्या. आतल्या रेषा हलल्या, लोटलीच्या जागी यादीत नुवे आले आणि लोटली गाव कुडतरीत गेले. पाळीऐवजी साखळी आली. या दोन ठिकाणी नाव बदलले, तालुक्याचे वजन तेच राहिले. चारही जागांना एकाच मापाने ‘रद्द झालेले मतदारसंघ’ म्हणणे म्हणून बरोबर नाही.

काणकोणपाशी मात्र हे गणित अडते. २००१ ला तालुक्याची लोकसंख्या ४३,९९७. भागाकार १.३१. दोन जागा ठेवल्या तर प्रत्येकी बावीस हजार, सरासरीहून पस्तीस टक्के कमी. एक ठेवली तर एकाच मतदारसंघात चव्वेचाळीस हजार, सरासरीहून एकतीस टक्के जास्त. पेडण्यात एक उत्तर मर्यादेत बसत होते आणि दुसरे बसत नव्हते. इथे दोन्ही उत्तरे मर्यादेबाहेर, आणि दोन्हींतली चूक जवळजवळ सारखीच. तालुक्याच्या आतच राहायचे म्हटले तर आयोगाला काणकोणवर अन्याय केल्याशिवाय रेषा ओढताच येत नव्हती. प्रश्न एवढाच होता की अन्याय कोणत्या दिशेने करायचा.

मार्ग आणखी दोन होते. सात हजार माणसांची गावे काणकोणमधून काढून घाटापलीकडच्या मतदारसंघाला जोडणे, म्हणजे एक जागा मर्यादेत बसते. किंवा केपे-सांगे तालुक्यांतून किमान साडेसोळा हजार माणसे इकडे आणणे, म्हणजे दोन्ही जागा तगतात. दुसरा मार्ग घेतला असता तर केपे आणि सांगे तालुक्यांतल्या चार मतदारसंघांची मांडणी विस्कटली असती, कारण सांग्याचाही भागाकार १.९० होता आणि तिथे उसने देण्याइतकी शिल्लक नव्हती. मतदारसंघाच्या रेषा अशाच असतात: एक गाव हलवले की ते जिथे जाते तिथे जास्त होते, मग तिथून दुसरे हलवावे लागते, आणि तीन-चार उड्यांनंतर भलत्याच तालुक्यातली पंचायत आपला आमदार कोण म्हणून विचारत बसते. आयोगाने एक जागेचा निर्णय घेतला. काणकोण आजही मतदारसंख्येने राज्यातल्या मोठ्या मतदारसंघांत मोडतो. घाट, नद्या, अभयारण्य आणि किनारा असलेला सगळा मुलूख एका आमदाराच्या पदरात आहे.

याचा राजकीय परिणाम तात्काळ दिसला. २००७ ला काणकोणमधून विजय पै खोत आणि पैंगीणमधून रमेश तवडकर असे एकाच पक्षाचे दोन आमदार निवडून आले होते. २०१२ ला जागा एक. तवडकर काणकोणचे आमदार झाले. तिकडे मुरगाव तालुक्यात कुठ्ठाळीचे आमदार माविन गुदिन्हो २०१२ ला दाबोळीतून निवडून आले. पेडण्यात धारगळची अनुसूचित जातींची राखीव जागा पेडणे मतदारसंघावर आली, आणि २००७ ला पेडण्यातून जिंकलेले दयानंद सोपटे पुढे २०१७ ला मांद्रेतून विधानसभेत पोचले. पुढाऱ्याला नवा मतदारसंघ शोधता येतो. गावाला शोधता येत नाही.

पण आमची मुख्य तक्रार या भागाकाराविषयी नाही. ती भागाकाराच्या आत लपलेल्या दुसऱ्या मोजणीविषयी आहे.

गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा जानेवारी २००३ मध्ये मिळाला. जनगणना झाली होती फेब्रुवारी २००१ मध्ये. त्यामुळे २००१ च्या जनगणनेत गोव्यातल्या अनुसूचित जमातींची संख्या आहे ५६६. पाचशे सहासष्ट, अख्ख्या राज्यात. आयोगाने या आकड्यावर राखीव जागांचा हिशेब केला आणि उत्तर शून्य आले. दहा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत तीच संख्या १,४९,२७५ झाली, लोकसंख्येच्या १०.२३ टक्के. चाळीस जागांच्या प्रमाणात चार. या दहा वर्षांत दीड लाख माणसे डोंगरातून अवतरली नव्हती. ती आधीपासून होती, कागदावर नव्हती. तेवीस महिन्यांच्या फरकाने चार जागा हुकल्या आणि आयोगाचा परिसीमन आदेश १९ फेब्रुवारी २००८ पासून कायद्यासारखा लागू झाला.

काणकोणचे दुर्दैव असे की एकाच आदेशात त्याला दोन फटके बसले. वेळीप आणि कुणबी वस्ती जिथे दाट आहे अशा मोजक्या तालुक्यांपैकी तो एक. ही माणसे मोजली गेली असती तर राखीव जागेसाठी जमातींचे प्रमाण सर्वांत जास्त कुठे, याचा विचार करताना काणकोणच्या डोंगरपट्ट्याचे नाव पुढे आले असते, आणि मग एकतीस टक्के जास्तीच्या एका जागेऐवजी शेजारच्या तालुक्यांशी जोडून दुसरी मांडणी करायला कारण मिळाले असते. पैंगीण टिकलेच असते असा आमचा दावा नाही. त्याच्या बाजूने मांडायचा सर्वांत मजबूत मुद्दा टेबलावर आलाच नाही, एवढे मात्र नक्की. हा आयोगाचा कट नव्हता. कायद्याने जो आकडा हातात दिला तो त्याने वापरला. पण आकडा जुना आहे हे आदेश निघण्यापूर्वी पाच वर्षे सर्वांना माहीत होते.

केंद्राने २०१३ मध्ये ही चूक सुधारण्यासाठी देशभरासाठी वटहुकूम काढला, तो कायद्यात उतरला नाही. त्याआधी २५ मे २०११ रोजी बाळ्ळी येथे आदिवासी संघटनांचे आंदोलन झाले आणि त्यात दोन तरुणांचे प्राण गेले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने गोव्यापुरता वेगळा कायदा मंजूर केला. जनगणना आयुक्तांनी जमातींची लोकसंख्या निश्चित करून जाहीर करायची आणि निवडणूक आयोगाने त्यानुसार २००८ च्या आदेशात दुरुस्ती करायची, अशी त्याची रचना आहे. एकूण जागा चाळीसच. त्यापुढे १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची जनगणना आहे आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर देशभर नव्या परिसीमनाची वाट मोकळी होते. म्हणजे गोव्यातल्या रेषा थोड्या काळात एकदा नव्हे, दोनदा हलू शकतात.

इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि याच जागी चूक होण्याचा धोका आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. राखीव जागा ठरवण्याच्या दोन रीती आहेत. आहेत त्या चाळीस मतदारसंघांत जमातींचे प्रमाण काढायचे आणि वरचे चार राखीव करायचे, ही पहिली. दुसरी म्हणजे आधी गावनिहाय आकडे पाहून वस्ती कुठे सलग आहे ते बघायचे आणि त्याप्रमाणे रेषा थोड्या सरकवायच्या. पहिली रीत झटपट आणि वाद कमी करणारी. पण काणकोण, केपे, सांगे, सावर्डे या चार मतदारसंघांत वाटली गेलेली सलग वस्ती तिच्यात पातळ होते: प्रत्येक ठिकाणी थोडी, कुठेच निर्णायक नाही. राखीव जागेवर आमदार जमातीचाच येईल हे खरे, पण त्याला निवडून देणाऱ्यांत जमातीचा शब्द चालेल की नाही हे रेषेवर ठरते. दुसऱ्या रीतीलाही मर्यादा आहे. खोतीगाव आणि नेत्रावळीची अभयारण्ये नकाशावर एकमेकांना लागून आहेत, पण डोंगर ओलांडून मतदानयंत्र जात नाही आणि आमदारही जात नाही. २००२ च्या परिसीमन कायद्याचे नववे कलम सांगते की मतदारसंघ शक्यतो सलग असावा आणि भौगोलिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. आम्ही दुसऱ्या रीतीच्या बाजूने आहोत, रस्त्याचा विचार करून.

दुसरी बाजू कमी वजनाची नाही. एका मताची किंमत सारखी हवी, हे लोकशाहीचे मूळ आहे. डोंगरात राहतो म्हणून कोणाचे मत दीडपट धरायचे का, हा रास्त प्रश्न आहे. आमचे उत्तर असे की समानतेचा नियम आजही सगळीकडे सारखा पाळला जात नाही. २०२२ च्या निवडणुकीत वास्कोत पस्तीस हजारांवर मतदार होते आणि त्याच मुरगाव पालिकेतल्या शेजारच्या मुरगाव मतदारसंघात जेमतेम वीस हजार. घाट नाही, नदी नाही, दोन्ही शहरी. तालुक्याला चार जागा हा हिशेब बरोबर निघाला, आतली रेषा मात्र पंधरा वर्षांत कलंडली. बंदर आणि वसाहतींच्या शहरात एवढा फरक आपण चालवून घेतो, तर साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या डोंगरी तालुक्याला दहा टक्क्यांच्या सवलतीचा पुरेपूर फायदा द्यायला हरकत नसावी. बार्देश-मुरगावात बाहेरून येणाऱ्या वस्तीने आकडे फुगतात आणि काणकोणसारखा तालुका दहा वर्षांत ४३,९९७ वरून ४५,१७२ वर, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी राहतो. २०११ च्या सरासरीने काणकोणचा भागाकार १.२४ पर्यंत घसरलाच आहे. निव्वळ भागाकारावर सोडले तर ही ओढ किनाऱ्याकडेच राहणार.

तालुका, जिल्हा आणि मतदारसंघ यांच्या हद्दी जुळत नसल्या की काय होते त्याचा नमुना फोंड्यात आहे. २००८ च्या आदेशाने लोकसभेचे पणजी आणि मुरगाव हे मतदारसंघ उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा झाले, प्रत्येकी वीस विधानसभा जागांचे. फोंडा तालुका तेव्हा उत्तर गोवा जिल्ह्यात होता, पण त्यातले फोंडा, शिरोडा आणि मडकई दक्षिण गोवा लोकसभेत गेले, प्रियोळ तेवढा उत्तरेत राहिला. जानेवारी २०१५ मध्ये फोंडा तालुका दक्षिण गोवा जिल्ह्यात गेला. आता तिघांचे जुळले आणि प्रियोळचे बिघडले: जिल्हाधिकारी दक्षिणेचा, खासदार उत्तरेचा.

जुने निकाल चाळणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. क्रमांकावरून मतदारसंघ जुळवू नये. २००७ चा तिसरा क्रमांक धारगळ, २०१२ चा तिसरा डिचोली. साळगाव आणि कळंगुट यांचे सातवा-आठवा क्रमांक अदलाबदल झाले. नावावरूनही जुळवू नये. २००७ चे काणकोण आणि २०१२ चे काणकोण ही दोन वेगळ्या क्षेत्रांची नावे आहेत, आणि त्यांच्या मतांची तुलना करून ‘अमक्या पक्षाची मते दुप्पट झाली’ असे लिहिणे म्हणजे दोन शेतांचे पीक एका शेताच्या नावावर घालणे. मूळ आदेशाचे परिशिष्ट पाहावे. त्यात तालुका, तलाठी सजा, गाव आणि पालिकेचे प्रभाग दिलेले असतात, ठरावीक तारखेला होते तसे. पुढे पालिकेने प्रभाग बदलले तरी विधानसभेची रेषा बदलत नाही.

परिसीमन आयोगात राज्याचे लोकसभा खासदार आणि विधानसभेच्या सभापतींनी नेमलेले पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात. त्यांना मत नाही, निर्णयावर सही नाही. त्यांची वेगळी सूचना प्रस्तावाबरोबर छापून येते, एवढेच. अंतिम आदेश निघाला की घटनेच्या ३२९ व्या कलमाने न्यायालयाचे दार जवळजवळ बंद होते. म्हणून लोकांना बोलायची खरी जागा एकच: प्रस्ताव राजपत्रात छापला जातो तेव्हापासून जाहीर सुनावणी होईपर्यंतची मुदत.

त्या मुदतीत ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे लिहिलेल्या अर्जाचा उपयोग नाही. अर्जात गाव किंवा सजा कोणती, तिची जनगणनेतली एकूण लोकसंख्या आणि जमातींची संख्या किती, ती कोणत्या मतदारसंघातून कोणत्यात न्यायची, आणि तसे केल्यावर दोन्ही मतदारसंघांची बेरीज किती होते हे हवे. दोन्ही बेरजा सरासरीच्या दहा टक्क्यांत बसल्या नाहीत, तर तिसरे गाव कोणते हलवायचे हेही त्याच अर्जात हवे. मामलेदार कचेरीचे रस्त्याने अंतर किती आणि पावसाळ्यात कोणता पूल पाण्याखाली जातो, हे लिहावे. सजेचा नकाशा जोडावा. पंचायतीचा ठराव जोडावा, आणि शेजारच्या पंचायतीचाही, कारण एका गावाने मागायचे आणि दुसऱ्याने विरोध करायचा असे झाले की आयोग मूळ प्रस्तावच कायम करतो.

हे काम प्रस्ताव आल्यावर सुरू करून होत नाही. लोलये, पैंगीण, खोतीगाव, गावडोंगरी, श्रीस्थळ, आगोंद, खोला या पंचायती आणि काणकोण पालिका यांनी २०११ चे गावनिहाय आकडे आत्ताच एका तक्त्यात मांडावेत. केपे आणि सांग्याच्या लागून असलेल्या गावांचेही त्यात घ्यावेत. हे आकडे जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यांत सर्वांना उपलब्ध आहेत. दोन-तीन ग्रामसभांचे काम आहे, आणि राजपत्रात छापलेली हरकतींची तारीख कोणासाठी पुढे ढकलली जात नाही.